घरची वीज कुठल्या सुरात गुणगुणते?

गिटारच्या सगळ्यात जाड तारेवर तिसऱ्या फ्रेटशी बोट दाबून तार छेडा. हा 'जी'. तार नीट लावलेली असेल तर ९८ हर्ट्‌झ. आपल्याकडची वीज ५० हर्ट्‌झची, तिची गुणगुण बहुतेकदा दुपटीने, १००वर येते. म्हणजे गिटार प्रोसेसरमधून, गिटारचा आवाज हवा तसा बदलणाऱ्या डब्यातून, येणारी घूंऽऽ या 'जी'च्या किंचित वर लागत असेल, तर ती विजेची आहे हे निदान निम्मं झालं. मल्टिमीटर नको, काही नको. ज्याला गिटार सुरात लावता येते त्याला हे ऐकू येतंच.

अमेरिकेतल्या गिटारवाल्यांचे व्हिडिओ बघून तुलना करणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावं. तिकडे वीज ६० हर्ट्‌झची, त्यामुळे त्यांची गुणगुण बी-फ्लॅट आणि बीच्या मधे कुठेतरी लटकते. आपली 'जी'वर. आणि ट्यूनरचा काटा जरासा हलत राहिला तर ट्यूनरवर शंका घेऊ नका, कारण आपल्या ग्रीडची फ्रिक्वेन्सीच ४९.९० ते ५०.०५च्या पट्ट्यात ठेवायची असा नियम आहे. अगदी ५०वर ती क्वचितच बसते.

हे सगळं आठवायचं कारण माझा भाचा. सेकंडहँड प्रोसेसर घेऊन आला आणि दारातूनच निकाल देऊन मोकळा झाला, "मामा, हा डबा गेलाय. विकून टाकतो." मी म्हटलं, विक, पण आधी मला सांग आवाज कसला येतोय? "कसला म्हणजे? नॉइज येतोय." सगळ्यांचं उत्तर हेच असतं. मग तीन वेगवेगळे आवाज एकावर एक बसलेले असतात, आपण त्या सगळ्याला मिळून नॉइज म्हणतो आणि कुठलाच उपाय लागू पडत नाही.

या प्रोसेसरला मागे चार पेन्सिल सेल बसतात. मी अॅडॅप्टर काढला, सेल घातले, लॅपटॉपची वायर काढली, स्पीकर काढला, नुसता हेडफोन लावला. भिंतीतल्या विजेशी डब्याचा संबंधच उरला नाही. आवाजातला तो झणझणीत, करकरीत भाग तिथेच गेला. म्हणजे डबा शाबूत. अॅडॅप्टर बघितला तर तो दुसऱ्याच कुठल्यातरी यंत्राचा, हलका, दोन पिनांचा, पिन बदलून जुळवलेला. असल्या स्वस्त स्विचिंग अॅडॅप्टरमधला कचरा सरळ डब्यात उतरतो. नवीन घेताना तीन गोष्टी बघायच्या: व्होल्ट तेवढेच हवेत, मिलिअँपिअर मागितलेत तितके किंवा जास्त चालतात, आणि पिनेची दिशा. गिटारच्या डब्यांना बहुतेक वेळा आतली पिन निगेटिव्ह लागते, वायफाय राउटरच्या अॅडॅप्टरची आतली पिन सहसा पॉझिटिव्ह. बसतंय म्हणून राउटरचा खुपसला तर डबा खरोखरच जाईल.

झणझण गेली तरी एक मऊ घूं उरलीच होती. भाच्याला म्हटलं, गिटार गळ्यात ठेव आणि जागच्या जागी हळूहळू गोल फीर. खिडकीकडे तोंड केलं की आवाज कमी, इन्व्हर्टर ठेवलाय त्या कोपऱ्याकडे वळला की पुन्हा वर. तो दोनदा फिरला आणि हसायलाच लागला. गिटारचा सिंगल-कॉइल पिकअप हा शेवटी चुंबकावर गुंडाळलेली तांब्याची तार, तारांच्या कंपनाइतक्याच आवडीने तो ट्रान्सफॉर्मरभोवतीचं चुंबकीय क्षेत्रही टिपतो. यावर तोडगा जुना आहे. गिब्सन या गिटार कंपनीतल्या सेथ लव्हरने १९५५ साली 'हंबकर' या पिकअपच्या पेटंटसाठी अर्ज केला. शेजारी शेजारी दोन कॉइल, एकीचं गुंडाळणं उलट आणि चुंबकाची बाजूही उलट, त्यामुळे तारेचा आवाज जोडला जातो आणि बाहेरची गुणगुण एकमेकींत कटते. भाच्याच्या गिटारला तीन सिंगल-कॉइल आहेत, पण मधला पिकअप उलटा गुंडाळलेला. स्विच दुसऱ्या किंवा चौथ्या खुणेवर ठेवला की दोन पिकअप मिळून तेच काम करतात. हे त्याला गिटार विकणाऱ्याने सांगितलं नव्हतं.

पंख्याचा रेग्युलेटरही तपासा. गोल फिरणारा, कुठेही थांबवता येणारा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर विजेची लाट मधेच तोडतो आणि पिकअपमध्ये माशी अडकल्यासारखी भणभण होते. खटखट करत पायरीपायरीने फिरणारे कपॅसिटरवाले रेग्युलेटर हा त्रास देत नाहीत. पंखा पूर्ण वेगावर किंवा पूर्ण बंद करून बघितलं की कळतं.

मग अँप्लिफायर म्हणजे अँप लावला, थ्री पिनवाला. हात तारांवरून उचलला की भणभण वाढायची, तारांना हात लावला की कमी व्हायची. हे काही बिघडल्याचं लक्षण नाही. आपलं शरीर घरातल्या वायरिंगचं विद्युतक्षेत्र गोळा करतं, आणि तारा आतून ग्राउंडला जोडलेल्या असल्याने त्यांना हात लावला की ते शांत होतं. पण इथे वाढायची ती फारच वाढायची, शिवाय अनवाणी पाय फरशीवर असले की बोटांना बारीक मुंग्या येत होत्या. मुंग्या आल्या की तिथेच थांबायचं, सगळं बंद करायचं. आमचे नेहमीचे वायरमन काका आले. त्यांनी टेस्ट लॅम्पचं एक टोक फेजला, दुसरं अर्थच्या भोकात घातलं, बल्ब लागला नाही. "साहेब, तुमचं हे तिसरं भोक शोभेचं आहे." बोर्ड उघडला तर आत हिरवी वायर व्यवस्थित दुमडून, टेप लावून, कशालाच न जोडता ठेवलेली. जुन्या इमारतींत हे सर्रास असतं. वायर जोडली, खाली मेन बोर्डापासची अर्थही बघून घेतली, मुंग्या गेल्या आणि भणभण हात उचलला तरी सोसण्याइतकी उरली.

एवढं झाल्यावर भाच्याने लॅपटॉप जोडला आणि एक नवीनच बारीक शिट्टी सुरू झाली. पहिल्या तारेवर एकोणिसावी फ्रेट दाबून बघा, बी लागतो, ९८८ हर्ट्‌झ. शिट्टी त्याच्या नखभर वर. म्हणजे १०००, म्हणजे यूएसबी. या डब्याच्या यूएसबीवर दर मिलिसेकंदाला एक नवी फ्रेम निघते, सेकंदाला हजार, आणि तोच ठोका ग्राउंडच्या वायरीतून ऐकू येतो. त्याने डबा यूएसबीने लॅपटॉपला जोडला होता, शिवाय डब्यातून वेगळ्या केबलने स्पीकरला, आणि लॅपटॉप व स्पीकर दोन वेगळ्या बोर्डांवर. ग्राउंडला परतायला दोन वाटा मिळाल्या की असं वेटोळं तयार होतं. लॅपटॉपचा चार्जर काढल्यावर सोबतची 'जी' गेली, शिट्टी थोडी उरली. दोन्ही एकाच एक्स्टेन्शनवर घेतल्यावर आणि स्पीकरच्या केबलमध्ये छोटा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर (आवाज पुढे सोडणारा, पण ग्राउंडची वाट तोडणारा) टाकल्यावर तीही गेली.

शेवटी राहिली सूंऽऽ. तिला सूरच नाही, त्यामुळे ती विजेची नाही. ती पॅचची, म्हणजे डब्यात साठवलेल्या इफेक्टच्या जुळणीची. कंपनीने भरून दिलेले पॅच दुकानात पहिल्या झंकाराला गिऱ्हाईक गार व्हावं म्हणून बनवलेले असतात: आधी कंप्रेसर, मग प्रचंड गेन (सिग्नल फुगवणं), वर ट्रेबल. कंप्रेसर मोठा आवाज दाबतो आणि एकूण पातळी उचलतो, मग आपण वाजवत नसतो तेव्हा उचलायला सूं सोडून दुसरं काय असतं? कंप्रेसर काढला, गेन तीन घरं खाली आणला, निम्मी सूं तिथेच गेली. नॉइज गेट, म्हणजे आवाज ठरावीक पातळीखाली गेला की तो बंद करणारा इफेक्ट, त्याने साखळीच्या अगदी शेवटी, रिव्हर्बच्याही (गुंजेच्याही) नंतर लावला होता, त्यामुळे प्रत्येक सूर विरायच्या आधीच कुणी दार आपटल्यासारखा तुटत होता. गेट डिस्टॉर्शनच्या नंतर आणि डिले-रिव्हर्बच्या आधी आणला. थ्रेशोल्ड, म्हणजे ती पातळी, हात थांबल्यावर गेट जेमतेम बंद होईल एवढाच. लोक गेटकडून फार अपेक्षा ठेवतात. तो फक्त आपण गप्प असताना गप्प करतो, वाजवताना सूं सुरांच्या खाली असतेच.

डबा विकायचा विषय तिथे संपला. पुढच्या आठवड्यात त्याचा गणपतीच्या मांडवात कार्यक्रम होता आणि तिथे साऊंडवाल्याने म्हणे घूं घालवायला अँपच्या प्लगची अर्थ पिन काढायला सांगितली. मी फोनवरच ओरडलो. 'स्टोन द क्रोज' या बँडचा गिटारवादक लेस हार्वी १९७२मध्ये स्वान्सीच्या स्टेजवर अर्थ नसलेल्या माइकला हात लागून विजेच्या धक्क्याने गेला. अर्थ तोडायचीच तर ती आवाजाच्या केबलमध्ये तोडायची, विजेच्या प्लगमध्ये नाही. त्यासाठी डीआय बॉक्सवर, म्हणजे गिटारचा सिग्नल साऊंडवाल्याच्या मिक्सरला जोडणाऱ्या छोट्या डबीवर, ग्राउंड लिफ्टचं बटण असतं, ट्रान्सफॉर्मरवाला पॅसिव्ह बॉक्स घेतला तर त्याला सेलही लागत नाही. साऊंडवाल्याच्या पेटीत तो होताच, तळाशी, वायरींखाली.