दहाचा पेपर आणि लेखनिकाचा फोन

तृतीय वर्ष कला शाखेचा अर्थशास्त्राचा पेपर सकाळी दहाला सुरू व्हायचा होता आणि पावणेनऊच्या सुमारास आमच्या अंध विद्यार्थ्याची उत्तरे लिहून घेणाऱ्या लेखनिक मुलीच्या आईचा फोन आला, की मुलीला रात्रीपासून सडकून ताप आहे आणि ती अंथरुणातून उठूही शकत नाही. बोलता बोलता त्यांचाच आवाज रडवेला झाला, त्यामुळे आधी त्यांची समजूत काढावी लागली आणि मग मी पर्यायी नावांची वही उघडली.

मी पुण्यातल्या एका महाविद्यालयात भूगोल शिकवते आणि तिथल्या समान संधी केंद्राचे कामही पाहते. ज्याच्यासाठी ही धावपळ होती तो विद्यार्थी जन्मापासून पूर्ण अंध, मराठवाड्यातल्या एका खेड्यातला, दहावीपर्यंत अंधशाळेत ब्रेलवर शिकलेला आणि पुण्यात आल्यावर संगणकावर स्थिरावलेला. तीन वर्षांत आम्ही त्याच्यासाठी जे केले त्यातले सर्वांत मोठे काम ऐकायला अगदी किरकोळ वाटेल, ते म्हणजे नोट्स युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाला देवनागरी म्हणूनच ओळखता येतील अशा अक्षरांत, करून घेणे. मराठी माध्यमाच्या कला शाखेत वर्षानुवर्षे फिरणाऱ्या नोट्स बहुधा श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टंकलेल्या असतात. डोळ्यांना तिथे स्वच्छ देवनागरी दिसते, पण संगणकाच्या लेखी ती रोमन अक्षरे आणि चिन्हेच असतात, त्यामुळे मजकूर वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर मागणीचा नियम वाचण्याऐवजी निरर्थक इंग्रजी अक्षरे बडबडू लागते. झेरॉक्सवरून स्कॅन केलेल्या पुस्तकांची गत त्याहून वाईट, कारण ती नुसती चित्रे असतात. आमचा विद्यार्थी एनव्हीडीए हे मोफत सॉफ्टवेअर वापरतो. ऑस्ट्रेलियातील मायकेल करन आणि जेम्स तेह या दोन अंध तरुणांनी २००६ मध्ये त्याची सुरुवात केली, आणि याच कामाच्या विकतच्या सॉफ्टवेअरची किंमत पाहिली की आमच्यासारख्या महाविद्यालयांवर या दोघांचे केवढे ऋण आहे ते कळते. सॉफ्टवेअर फुकट मिळाले तरी नोट्स आपोआप सुधारत नाहीत. ते काम राष्ट्रीय सेवा योजनेच्या मुलांनी सुट्ट्यांमध्ये बसून केले.

नोट्सचे काम सवडीने होते, परीक्षेचे होत नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ याच्या कलम १७ नुसार परीक्षापद्धतीत जादा वेळ आणि लेखनिक यांसारखे बदल करणे अपेक्षित आहे, आणि केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयाच्या २९ ऑगस्ट २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनी हा जादा वेळ ताशी किमान वीस मिनिटे असा ठरवून दिला आहे, म्हणजे तीन तासांचा पेपर चार तासांचा होतो. २०१८ च्या त्या सूचनांनुसार उमेदवाराने स्वतःचा लेखनिक आणला तर त्याची पात्रता उमेदवारापेक्षा एक पायरी खालची असावी लागे. आमच्या विद्यापीठाचा अर्ज लेखनिकाचा विषयही वेगळा असावा असे म्हणतो, त्यावर लेखनिकाचे छायाचित्र, ओळखपत्राची प्रत आणि प्राचार्यांची सही लागते, आणि हे सगळे परीक्षेच्या पुष्कळ आधी पाठवल्यावर परवानगीचे पत्र येते ते एकाच नावाचे. ताप मात्र अर्ज करून येत नाही.

वहीतला पहिला मुलगा विज्ञान शाखेच्या दुसऱ्या वर्षाचा होता आणि लगेच निघायला तयार होता, पण तो बालवाडीपासून इंग्रजी माध्यमातला. मराठीत चार ओळी लिहिणे वेगळे आणि चार तास सलग सांगितलेले उतरवून घेणे वेगळे, हे त्याचे त्यानेच प्रांजळपणे सांगितले. दुसरी मुलगी गावी गेली होती. तिसरी सापडली ती आमच्याच ग्रंथालयात, कमवा व शिका योजनेतल्या सकाळच्या पाळीत पुस्तके लावत असलेली, प्रथम वर्ष विज्ञानाची विद्यार्थिनी. दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकलेली, अक्षर नेटके, आणि आमच्या लेखनिकांच्या प्रशिक्षणाला बसलेली. तिने एकच प्रश्न विचारला, ‘‘मॅडम, माझे आजचे तास लागतील ना?’’ तो प्रश्न अत्यंत रास्त होता, कारण या योजनेत पैसे तासावर मिळतात आणि तिची खानावळ त्यावर चालते. चांगल्या कामासाठी गरीब मुलीने मजुरी बुडवावी, अशी अपेक्षा आपण किती सहज करतो! योजनेच्या समन्वयकांना फोन करून तिचे तास ‘लेखनिकाचे काम’ अशा नोंदीने हजेरीपटावर लावून घेतले आणि आम्ही परीक्षा विभागाकडे गेलो.

तिथे परीक्षेच्या केंद्रप्रमुखांनी हात वर केले. ‘‘मॅडम, परवानगीच्या पत्रावर वेगळे नाव आहे. हिला मी कोणत्या आधारावर बसवू?’’ त्यांचे चुकत होते असे मी म्हणणार नाही. उद्या कोणी विचारले तर उत्तर त्यांनाच द्यावे लागणार होते. त्यांच्या टेबलापाशी बसलेल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी मात्र कळकळीने वेगळीच वाट सुचवली. त्यांच्या मते अर्थशास्त्राच्याच द्वितीय वर्षाची एक हुशार मुलगी आवारात हजर होती, ती एक वर्ष मागेच आहे, तिला विषयही येतो, सांगताना काही राहून गेले तर ती सावरून घेईल, आणि एवढ्या अडचणीतून शिकलेल्या मुलासाठी एवढे कोणीही करील. आमचा विद्यार्थी दाराशी काठी घेऊन उभा होता. तो शांतपणे म्हणाला, ‘‘सर, नको. उद्या कोणी तक्रार केली तर माझा निकाल राखून ठेवतील. मला गुणपत्रिका वेळेवर हवी आहे, बँकेचा फॉर्म भरायचा आहे.’’ त्याने बाणेदारपणाचा आव आणला नाही की सरांना दुखावले नाही. त्याने फक्त हिशेब मांडला. दयेपोटी वाकवलेल्या नियमाची किंमत शेवटी ज्याच्यासाठी तो वाकवला त्यालाच मोजावी लागते, हे त्या खोलीत सर्वांत आधी त्याला कळले होते.

माझ्या पिशवीत २०१८ च्या सूचनांची छापील प्रत कायम असते. अडचणीच्या प्रसंगी लेखनिक बदलण्याची मुभा असावी, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. ते वाक्य केंद्रप्रमुखांनी स्वतः वाचले, विद्यापीठाच्या परीक्षा विभागाला फोन लावला आणि नव्या मुलीचा अर्ज भरून, सही-शिक्क्यासह स्कॅन करून ईमेलने पाठवला. उत्तर यायला सव्वादहा झाले. या मधल्या वेळात प्रतीमधली मागची पाने ते चाळत होते. तिथे १० ऑगस्ट २०२२ च्या सूचनाही जोडलेल्या आहेत. लेखनसमयी हातात पेटका येणाऱ्या विकाश कुमार या लोकसेवा आयोगाच्या उमेदवाराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये निकाल दिला, की चाळीस टक्के दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र नाही एवढ्या कारणावरून लेखनिक नाकारता येणार नाही, आणि त्यानंतर या दुसऱ्या सूचना निघाल्या. ‘‘आमच्या वाणिज्य शाखेत एक मुलगा आहे, लिहिताना त्याचा हात थरथरतो, पेपर नेहमी अर्धाच राहतो. त्याचे बसते का यात?’’ केंद्रप्रमुखांनी विचारले. मी त्या मुलाला दुसऱ्या दिवशी समान संधी केंद्रात पाठवायला सांगितले.

पेपर सुरू होण्याआधी दोघांना तळमजल्यावरच्या स्वतंत्र खोलीत दहा मिनिटे मिळाली. ‘‘अर्थशास्त्र येते का तुला?’’ त्याने विचारले. ‘‘दादा, शाळेत होते तेवढेच.’’ ‘‘मग बरे. तू मनाने काही घालणार नाहीस.’’ पुढे त्याने आपली पद्धत सांगितली. प्रश्न गुणांसकट दोनदा वाचायचा, विरामचिन्हे तो स्वतः सांगेल, ‘मागचे’ म्हटले की शेवटचे वाक्य वाचून दाखवायचे, एखादी संज्ञा अडली तर अंदाजाने न लिहिता विचारायचे, म्हणजे तो अक्षरे फोडून सांगेल. त्या मुलीने सगळे ऐकून घेतले आणि शेवटी विचारले, ‘‘आणि आकृती?’’

दृष्टिहीन उमेदवारांना आकृती किंवा नकाशावरच्या प्रश्नांऐवजी पर्यायी प्रश्न देण्याची पद्धत आहे. आमच्या विद्यार्थ्याला पर्यायी प्रश्न नको होता. रबराच्या पाटीवर प्लास्टिकचा कागद ठेवून पेनाने रेघ ओढली की ती उठावदार होऊन बोटांना लागते. मी ही पाटी नकाशांसाठी आणली होती, पण भूगोलापेक्षा तिचा जास्त उपयोग याने वक्ररेषांसाठी केला. मक्तेदारीतील किंमतनिश्चितीची आकृती तो तोंडी सांगू लागला की डोळस माणसालाही ती नव्याने समजते: आडव्या अक्षावर उत्पादन, उभ्या अक्षावर किंमत, सरासरी प्राप्तीची रेषा डावीकडून उजवीकडे उतरती, सीमांत प्राप्तीची तिच्या खाली आणि तिच्याहून अधिक उतरती, सीमांत खर्चाचा वक्र या दुसऱ्या रेषेला खालून छेदतो तो बिंदू ई. हीच आकृती त्या दिवशी पेपरात आली.

मला अर्थातच खोलीत थांबता येत नव्हते. पर्यवेक्षक बाईंनी नंतर सांगितले, की पहिला अर्धा तास दोघे अडखळत होते आणि नंतर त्यांचा सूर जमला. दहा पंचविसाला सुरू झालेला पेपर दोन पंचविसाला संपला. बाकी उत्तरपत्रिकांचे गठ्ठे केव्हाच बांधून झाले होते, ते न्यायला आलेली गाडी दाराशी उभी होती आणि कार्यालयातले लिपिक घड्याळाकडे बघत येरझाऱ्या घालत होते; जादा वेळ कागदावर असतो, पण तो मिळेपर्यंत इमारतीतल्या किती जणांना थांबावे लागते, याचा विचार वेळापत्रक करणाऱ्यांनी केलेला नसतो.

त्याच दिवशी चार वाजता त्याची आणखी एक परीक्षा होती. आमच्या प्लेसमेंट विभागामार्फत एका वित्तीय कंपनीची ऑनलाइन चाचणी ठेवलेली होती आणि त्याने आकडेवारी तपासण्याच्या कामासाठी अर्ज केला होता. कंपनीला आम्ही आगाऊ ईमेल केला होता आणि ‘जादा वेळ दिला जाईल’ असे उत्तरही आले होते. संगणक कक्षात तो बसला, कानाला हेडफोन लावले, आणि दोन-तीन मिनिटांतच पडद्यावर इशारा आला की उमेदवार पडद्याकडे पाहत नाही. कॅमेऱ्यातून लक्ष ठेवणाऱ्या यंत्रणेला नजर इकडेतिकडे असणे म्हणजे कॉपी एवढेच ठाऊक होते. पुढच्या इशाऱ्यानंतर चाचणी आपोआप बंद झाली. तो हसला, मला हसू आले नाही. आलेख तर नुसत्या चित्रांच्या रूपात होते, म्हणजे चाचणी चालू राहिली असती तरी ते प्रश्न त्याच्यापर्यंत पोहोचले नसते. त्याच दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम २१ नुसार आस्थापनांनी समान संधीचे धोरण जाहीर करायचे असते, आणि या कंपनीच्या संकेतस्थळावर ते सुबक शब्दांत होतेही. ज्यांनी चाचणीचे सॉफ्टवेअर विकत घेतले त्यांनी ते वाचले नव्हते, एवढेच.

मनुष्यबळ विभागातील अधिकारी बाई फोनवर अतिशय सौजन्याने बोलल्या. काही दिवसांनी त्यांनी एका माणसाला व्हिडिओ कॉलवर बसवून प्रश्न वाचून दाखवण्याची व्यवस्था केली, आमचा विद्यार्थी चाचणीत उत्तीर्ण झाला, मुलाखतही चांगली झाली आणि नोकरी देऊ केली ती थकीत कर्जदारांना फोन करून वसुलीचा तगादा लावण्याची. अंध उमेदवार म्हटला की टेलिफोन हातात द्यायचा, ही सवय जुनी आहे. त्याने विचार करायला दोन दिवस मागितले आणि नकार कळवला. घरी पैशांची चणचण असताना नकार देणे योग्य होते का, यावर आमच्या प्लेसमेंट अधिकाऱ्यांचे आणि माझे एकमत नाही. सध्या तो बँकेच्या लिपिक पदाच्या परीक्षेची तयारी करतो आहे. सरकारी नोकऱ्यांत दिव्यांगांसाठी चार टक्के जागा राखीव असतात आणि त्यातला एक टक्का अंध व अल्पदृष्टी उमेदवारांचा असतो.

निकालात त्याला त्या पेपरला चांगले गुण मिळाले, तरीही त्याने उत्तरपत्रिकेच्या छायाप्रतीसाठी अर्ज केला. पुनर्मूल्यांकन त्याला करायचे नव्हते. आकृतीचे काय झाले ते त्याला पाहायचे होते. प्रत आल्यावर त्याने लेखनिक मुलीलाच केंद्रात बोलावले आणि आकृती तिच्याकडून शब्दांत वाचून घेतली, तेव्हा उलगडा झाला. ई बिंदूतून खाली टाकलेला लंब बरोबर होता, पण तीच रेषा वर सरासरी प्राप्तीपर्यंत वाढवायची असते आणि तिथे किंमत कळते. कागदावर ती ईपाशीच थांबली होती, म्हणून मक्तेदाराची किंमत चुकीच्या जागी दाखवली गेली आणि परीक्षकांनी गुण कापले होते. सांगताना राहिले की काढताना, हे दोघांनाही आठवत नव्हते. त्याने मला सांगितले, की लेखनिक जशी वाक्ये परत वाचून दाखवतात तशी आकृतीही परत वाचून दाखवायला त्यांना शिकवा. पुढच्या प्रशिक्षणात तो भाग त्यानेच घेतला, रबराची पाटी आणून. विद्यापीठाकडे आम्ही अर्जात राखीव लेखनिकाच्या नावाचा रकाना घालण्याची मागणी केली आहे; तोवर आम्ही दोन नावांचे दोन अर्ज एकदम पाठवतो आणि एक परत आला की पुन्हा पाठवतो.