तोंडातली खपली

नाशिकमध्ये गंगापूर रोडवर माझा दातांचा दवाखाना आहे आणि अक्कलदाढ काढणे हे माझ्या नेहमीच्या कामांपैकी एक आहे. खालच्या जबड्यात आडवी अडकलेली दाढ काढायची म्हणजे हिरडी उघडावी लागते, थोडे हाड कोरावे लागते, दाढेचे तुकडे करून ते एकेक बाहेर घ्यावे लागतात आणि शेवटी टाके घालावे लागतात. एवढ्याला पाऊण तास लागतो. त्यानंतरचे सात दिवस पेशंट माझ्या डोळ्यांसमोर नसतो. तो त्याच्या घरी असतो आणि त्याच्या ताटात काय पडते ते तिथे ठरते. हे मला माहीत होतेच, पण ते किती खरे आहे, हे गेल्या वर्षी श्रावणातल्या पहिल्या सोमवारी समजले.

सकाळी साडेदहाच्या सुमारास माझी सहायक धावत आत आली आणि म्हणाली, "मॅडम, गुरुवारी दाढ काढलेली मुलगी बाहेर चक्कर येऊन पडली." मी हातातले काम थांबवून बाहेर गेले, तेव्हा एकवीस वर्षांची ती मुलगी बाकाशेजारी जमिनीवर होती आणि तिची आजी तिचे डोके मांडीवर घेऊन तिच्या नावाने हाका मारत होती. आम्ही तिला सपाट झोपवून पाय उशीवर उंच केले, ओढणी सैल केली आणि पंखा लावला. अर्ध्या-एक मिनिटात तिने डोळे उघडले. नाडी १०४ होती, रक्तदाब ९० आणि ६०, बोटाच्या थेंबातून पाहिलेली साखर ६४. ती पूर्ण भानावर आल्याची खात्री करून आम्ही तिला चमच्याने साखरेचे पाणी दिले. त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर फिजिशियन आहेत. त्यांनी येऊन तिला तपासले आणि सलाइनची गरज नाही, क्षारसंजीवनी घोट घोट पाजत राहा आणि हिला खायला घाला, असे सांगितले.

त्यांचे ते शेवटचे वाक्य मला लागले. दाढ काढल्यावर चौथ्या दिवशी पेशंट परत येतो तेव्हा माझ्या मनात पहिली शंका वेगळीच असते. दाढेच्या खड्ड्यात जमलेले रक्त निघून गेले तर आतले हाड उघडे पडते आणि दोन ते चार दिवसांत कानापर्यंत जाणारा भयंकर ठणका सुरू होतो. स्ट्रॉने उसाचा रस ओढणारे, जोरात थुंकणारे, दुसऱ्याच दिवशी तंबाखूची गोळी ठेवणारे पेशंट असे परत येतात. म्हणून तिला थोडे बरे वाटल्यावर मी खुर्चीवर घेतले आणि आरसा आत घातला. तिचे तोंड दीड बोटच उघडत होते, पण चौथ्या दिवशी तेवढे आखडणे नवलाचे नाही. आत पाहिले आणि मी थबकले. जखम उत्तम होती. काळ्या रेशमाचे तीन टाके जागच्या जागी होते, हिरडी गुलाबी होती, दाबल्यावर काही बाहेर येत नव्हते, वास नव्हता. खड्डा भरलेला होता आणि त्यावर दुधावर धरते तशी पिवळसर पांढरी साय धरली होती. म्हणजे जखम भरत होती आणि मुलगी उपासमारीने चक्कर येऊन पडली होती.

मी तिला विचारले, "शनिवारपासून काय काय खाल्लेस?" तिने बोटे मोजली. शनिवारी तीन कप चहा आणि थोडे नारळपाणी. रविवारी चहा, आणि तोही संध्याकाळी उलटून पडला. सोमवारी काहीच नाही, कारण उपास. दुखण्याच्या गोळ्या मात्र तिने न चुकता घेतल्या होत्या, रिकाम्या पोटी. त्या गोळ्यांनी जठराला आधीच त्रास होतो. दोन दिवस पोटात अन्न नसताना त्या घेतल्यावर मळमळ आणि जळजळ होणारच. उलटी झाली की आणखी खाववत नाही, आणि उलटीच्या जोराने जखमेतले रक्त निघून जाण्याचा धोका वेगळाच.

"पण शुक्रवारी तर तू दहीभात खाल्ला होतास ना?" मी विचारले, कारण शुक्रवारी तिने फोनवर तसे सांगितल्याचे मला आठवत होते. ती गप्प राहिली आणि तिने दाराकडे पाहिले. दारात आजी उभ्या होत्या.

"ताई, मीच बंद केला भात," आजी म्हणाल्या. "शनिवारी सकाळी बॅटरी लावून पाहिलं मी. पू झालाय आत. पांढरा दिसतोय. भातानं पू होतो, म्हणून भात, वरण, दही, सगळंच बंद केलं. काल तुमचा दवाखाना बंद, मग आज घेऊन आले."

भाताने जखमेत पू होतो, ही समजूत आपल्याकडे घरोघरी आहे. आंबटाने जखम चिघळते, डाळीने टाके पिकतात, केळ्याने कफ होतो, हेही त्याच्या जोडीला असते. मी दवाखाना चालवायला लागल्यापासून हे ऐकत आले आहे आणि प्रत्येक वेळी, "तसं काही नसतं, खाऊ द्या," एवढे म्हणून पुढच्या पेशंटकडे वळत आले आहे. त्या दिवशी मात्र आजींचे बोलणे ऐकताना माझ्या लक्षात आले की या सगळ्या समजुती एकत्र पाळल्या, तर दाढ काढलेल्या माणसाला खाता येण्याजोगे जवळजवळ सगळे त्याच्या ताटातून जाते. ज्याचे तोंड दीड बोट उघडते, त्याला भाकरी चावता येत नाही, पोळी चावता येत नाही, भाजी चावता येत नाही. त्याच्यासाठी उरतो तो मऊ भात, वरण, दही, ताक, केळे. नेमके तेच काढून घेतले तर मागे चहा राहतो.

आजींना मी रागावले नाही. रागावण्यासारखे त्यांनी काही केले नव्हते. त्यांनी नातीच्या तोंडात बॅटरी लावून पाहिले होते, आणि त्यांना जे पांढरे दिसले ते खरोखरच तिथे होते. नजर बरोबर होती, अर्थ चुकला होता. आणि तो अर्थ त्यांना कोणी सांगितलाच नव्हता. गुरुवारी मी सूचना दिल्या त्या मुलीला, तोंडात कापसाचा बोळा धरून ती मान हलवत असताना. छापील कागद दिला तोही तिच्याच हातात. आजी तेव्हा बाहेर बाकावर बसून होत्या. त्या कागदावर "मऊ व थंड आहार घ्यावा" एवढे एक वाक्य होते आणि "रक्ताची गुठळी निघू देऊ नये" असे दुसरे. पांढऱ्या सायीबद्दल त्यात एक अक्षरही नव्हते. शिवाय गुठळी हा शब्द ऐकला की लोकांना मेंदूतली किंवा हृदयातली गुठळी आठवते. ती जपून ठेवायची असते, हे त्या शब्दातून कोणाला कळणार?

मी आजींना खुर्चीजवळ बोलावले, वरचा दिवा वळवला आणि आरसा धरून त्यांना आत दाखवले. "आजी, लहानपणी गुडघा फुटला की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्यावर काय धरायचं?"

"खपली."

"तोंडात सदा ओलं असतं, म्हणून इथली खपली वाळत नाही. ओली खपली पांढरी दिसते. ही तोंडातली खपली आहे."

त्या बराच वेळ वाकून पाहत राहिल्या. मग त्यांनी विचारले, "आणि पू कसा दिसतो?" हा प्रश्न मला फार आवडला. पू असता तर हिरडी लाल आणि सुजलेली असती, दाबल्यावर टाक्याजवळून बाहेर आला असता, तोंडाला घाण वास आणि चव असती, तिसऱ्या दिवसानंतर सूज उतरण्याऐवजी वाढली असती, ताप आला असता, असे मी त्यांना एकेक करून सांगितले. त्यांनी नातीच्या गालावर हात ठेवून पाहिला आणि म्हणाल्या, "सूज शनिवारी जास्त होती. आज उतरलीय." दाढेची सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच सर्वांत जास्त असते आणि मग उतरते. त्यांच्याकडे सगळे निरीक्षण होते.

भाताचा मुद्दा मात्र त्यांनी लगेच सोडला नाही. मालकांच्या पोटाचे ऑपरेशन झाले तेव्हा भात दिला आणि टाके पिकले, हे त्यांनी स्वतः पाहिले होते. टाके पिकतात ते जंतूंमुळे, भात पोटात गेल्याने नाही, हे मी सांगितले. पण चाळीस वर्षांपूर्वीच्या त्या दुःखाशी वाद घालावा असे मला वाटले नाही. मी विचारले, "मग तुम्ही तिला काय द्याल?" त्या म्हणाल्या, "मुगाचं कढण चालेल. नागलीची पेज चालेल. दूध चालेल."

आम्ही कागदावर हिशेब मांडला. अठ्ठेचाळीस किलो वजनाच्या मुलीला दिवसाला साधारण ४० ग्रॅम प्रथिने लागतात, आणि जखम भरताना त्यात कमी पडू देऊन चालत नाही, कारण नवे मांस त्यातूनच तयार होते. ५० ग्रॅम मुगाच्या डाळीच्या कढणातून १२ ग्रॅम, अर्ध्या लिटर दुधातून १६, नागलीच्या ५० ग्रॅम पिठातून साडेतीनच्या आसपास. बेरीज एकतीस-बत्तीस झाली. तीन कप चहातले दूध धरून शनिवारची बेरीज पाच-सहाच्या वर जात नव्हती. आजींनी तो आकडा दोनदा विचारून घेतला. उरलेले आठ-नऊ ग्रॅम वरणभात आणि वाटीभर दही यांतून येतात, हे मी लिहून ठेवले आणि त्याबद्दल आणखी काही बोलले नाही.

नागलीचे मात्र मी मनापासून कौतुक केले. पेठ, सुरगाणा, इगतपुरीच्या डोंगरात पिकणारी नागली आपल्या जिल्ह्यात मुबलक मिळते, तिच्यात कॅल्शियम भरपूर असते, आणि वस्त्रगाळ पिठाची गुळ-दुधातली पेज दीड बोट उघडलेल्या तोंडातूनही सहज जाते. अट एकच, पीठ चाळलेले हवे. बारीक कण हा दाढेच्या खड्ड्याचा खरा शत्रू आहे. शेंगदाण्याचे कूट, तीळ, खसखस, खोबऱ्याचा कीस, चिवडा, मिसळीवरची शेव, आणि श्रावणात घरोघरी होणारी भगर, हे सगळे त्या खड्ड्यात जाऊन बसते आणि तिथेच कुजते. साबुदाण्याची खीर चालते, कूट घातलेली खिचडी चालत नाही. भाताचे शीतही अडकू शकते, एवढे मी आजींपाशी मोकळेपणाने मान्य केले. म्हणून तो गुरगुट्या करून, घोटून, दुसऱ्या बाजूने खायचा आणि मग पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून ते पाणी तोंडात हलकेच फिरवून आपोआप गळू द्यायचे. जोराने चूळ टाकायची नाही. पहिल्या चोवीस तासांत मात्र गुळणीही नाही आणि गरम काहीही नाही, कारण गरमाने रक्त पुन्हा सुटते, आणि जीभ-ओठ तीन-चार तास बधिर असताना किती चटका बसतोय हेच कळत नाही.

पेशंट हमखास विचारतात ते आइस्क्रीमचे. पहिल्या दिवशी सुक्या मेव्याशिवायचे साधे आइस्क्रीम चमच्याने खाल्ले तर चांगलेच. थंडाव्याने बरे वाटते. पण त्यावर चार दिवस काढता येत नाहीत, आणि तोंड नीट घासता येत नसताना इतकी साखर दातांवर बसू देणे मला पसंत नाही.

उपासाचे बोलणे सर्वांत अवघड गेले. मुलगी लहानपणापासून श्रावणी सोमवार धरत आली होती आणि तो मोडायला ती तयार नव्हती. शेवटी आजींनीच सांगितले, "तुझा आजचा उपास मी करते. तू जेव." त्यांचा स्वतःचा उपास होताच, तरी त्यांनी ते शब्द असे उच्चारले की मुलीने मान डोलावली. माझ्या सहायकेने समोरच्या हॉटेलातून कोमट दूध आणले. त्यात पिकलेले केळे काट्याने कुस्करून मुलीने तासाभरात ते चमच्या-चमच्याने संपवले. रक्तदाब ११० वर आला, साखर ९६ झाली, आणि दुपारी एक वाजता दोघी रिक्षाने पंचवटीला परत गेल्या. जाताना मी आजींचा फोन नंबर घेतला, कारण पुढचे विचारायचे ते त्यांनाच होते.

मंगळवारी संध्याकाळी फोन केला तेव्हा कढण झाले होते, पेज झाली होती. बुधवारी आजी आपणहून म्हणाल्या, "आज वरणभात दिला, घोटून. वर तुपाची धार."

त्याच आठवड्यात मी तो छापील कागद बदलला. गुठळीऐवजी खपली लिहिले, पांढरी साय आणि पू यांतला फरक मोठ्या अक्षरांत छापला, आणि "मऊ आहार" काढून तिथे घरातल्या पदार्थांची नावे घातली. आता दाढ काढण्याच्या आधीच मी विचारते की घरी स्वयंपाक कोण करते, आणि ती व्यक्ती सोबत असेल तर तिला आत बोलावून घेते. मुले बाहेर शिकायला राहत असतील तर खानावळीच्या मावशींशी फोनवर बोलते. त्यात दहा मिनिटे जातात.

गुरुवारी टाके काढायला दोघी आल्या. तोंड अडीच बोटे उघडत होते. मी आरसा उचलण्याच्या आधीच आजींनी सांगितले, "साय पातळ झालीय, खालून लाल भरत आलंय." मी पाहिले, तसेच होते. खड्डा तळापासून वर भरत येतो. हिरडी मिटायला तीन-चार आठवडे लागतात आणि आतले हाड भरायला काही महिने. टाके काढून झाल्यावर आजींनी पिशवीतून जुना चष्मा काढला, नवा कागद सावकाश वाचला आणि एका ओळीवर बोट ठेवून विचारले, "यात भाकरीचं लिहिलं नाही तुम्ही. भाकरी कधीपासून?"

"आजपासून दुधात कुस्करून. कडक पापुद्र्याची अजून दोन आठवडे नको."

त्यांनी माझ्याच टेबलावरचा पेन घेतला आणि ते कागदाच्या कडेला लिहून घेतले.