गावची ट्रॉफी आणि ग्रँडमास्टरचा नॉर्म

लातूर, परभणी, नांदेडकडे बुद्धिबळाच्या क्लासबाहेर पालकांचा ठरलेला प्रश्न असतो: "पोरगं एवढ्या स्पर्धा मारतंय, मग ग्रँडमास्टर कधी होणार?" मंगल कार्यालयात रविवारी होणारी एकदिवसीय रॅपिड स्पर्धा किताबाच्या हिशेबात येतच नाही. तिथे डावाला दहा-पंधरा मिनिटं. किताबाला क्लासिकल लागतं, म्हणजे साधारण ९० मिनिटं आणि दर चालीला ३० सेकंद.

कँडिडेट मास्टर (२२००) आणि फिडे मास्टर (२३००) नुसत्या रेटिंगवर (फिडे या जागतिक बुद्धिबळ महासंघाने दिलेला ताकदीचा आकडा) मिळतात. इंटरनॅशनल मास्टरला २४०० आणि ग्रँडमास्टरला २५०० हवं, शिवाय नॉर्म, म्हणजे एखाद्या स्पर्धेत किताबाच्या तोडीची कामगिरी. ते मिळून किमान २७ डावांचे, म्हणजे बहुधा नऊ फेऱ्यांचे तीन. रेटिंगचा आकडा एकदा शिवला की झालं. स्पर्धेच्या मध्येच २५०० गाठून पुढचे डाव हरले तरी तो धरला जातो.

नॉर्मची मेख वेगळीच आहे: समोर कोण बसलं? ग्रँडमास्टर नॉर्मला नऊपैकी किमान तीन प्रतिस्पर्धी ग्रँडमास्टर आणि निम्मे तरी किताबधारी हवेत (कँडिडेट मास्टर त्यात धरत नाहीत). सहसा आपल्याखेरीज आणखी दोन देशांचे खेळाडूही लागतात. जिल्ह्यात हे जमायचं कसं? म्हणून सचखंड एक्सप्रेसने दिल्ली नाहीतर थेट युरोप, आणि खर्चाचा मोठा वाटा प्रवास-मुक्कामातच जातो.

मग गणित. कामगिरी (प्रतिस्पर्ध्यांचं सरासरी रेटिंग आणि मिळालेले गुण यांवरून निघणारा आकडा) २६०० ची लागते आणि प्रतिस्पर्ध्यांची सरासरी किमान २३८०. सरासरी बरोबर २३८० असेल तर नऊपैकी ७ गुण हवेत. ती २४३४ असेल तर साडेसहा पुरतात.

स्विस पद्धतीत (कोणी बाद होत नाही, दर फेरीत साधारण सारख्या गुणांच्या खेळाडूंची गाठ पडते) पहिल्याच फेरीत १८०० चा खेळाडू वाट्याला येतो. उरलेल्या आठांची सरासरी २४२० धरली, तर नऊ जणांची २३५१ भरते आणि नॉर्म गेला. पण नियम असा की सर्वांत कमी रेटिंगच्या एकाला २२०० धरायचं. सरासरी २३९६ होते, ७ गुणांवर नॉर्म शाबूत. ही सवलत एकालाच! दुसरा १९०० चा आला की सरासरी २३३८, मग नऊपैकी नऊ जिंकले तरी उपयोग नाही. प्रतिस्पर्धी आलाच नाही तर फुकटचा गुण गुणतक्त्यात दिसतो, कामगिरीत नाही.

आडवाटही आहे. नागपूरच्या दिव्या देशमुखने २०२५ मध्ये महिला विश्वचषक जिंकला आणि ग्रँडमास्टर किताब थेट मिळाला. पण ती वाट धरून कोणी नियोजन करू नये.

नॉर्म झाला की घाईने गाडी पकडू नका. प्रमाणपत्रावर मुख्य पंचाची सही तिथेच घ्या. नाव, फिडे आयडी, प्रतिस्पर्ध्यांचे किताब आणि रेटिंग ओळीओळीने तपासा. किताबाचा अर्ज पुढे राष्ट्रीय महासंघामार्फत फिडेकडे जातो.