पाय घसरेल

११ एप्रिल, शुक्रवार. रात्रीचे दहा. शियामेन.

आज मी मशिदीत गेले ती डोकंभर फुलं माळून. हे आधीच लिहून टाकते, म्हणजे पुढचं समजेल.

सकाळच्या गाडीनं सूनबाई मला छ्वानचौ या जुन्या बंदराच्या शहराला घेऊन गेली. आधी श्युनपू. कोळ्यांचं गाव. इथल्या बायका अंबाड्याभोवती फुलांची कडी एकावर एक चढवतात, मधून एक काडी आरपार. म्हाताऱ्या बायका रोजच्या कामाला तशाच जातात, मासळी विकायलाही तशाच. आता दोन-तीन वर्षांपासून सगळ्या चीनमधून मुली येतात, फुलं माळून घेतात आणि फोटो काढतात. घरं मात्र बघण्यासारखी. भिंतींना कालवांची शिंपं लावलेली, तळहाताएवढी. आमच्या रत्नागिरीच्या भाट्याच्या खाडीवर कालवं काढणाऱ्या बायका आठवल्या. तिथं शिंपांचे ढीग पडतात, भिंती कुणी बांधल्या नाहीत.

सूनबाई म्हणाली, "आई, तुम्ही पण बसा." मी म्हटलं, अगं मी बासष्ट वर्षांची. ती म्हणाली, "त्या तर ऐंशीच्या आहेत." बसले. गजऱ्याची सवय असलेल्या बाईला फुलांचं काय अप्रूप, पण हा गजरा नव्हे, टोपलीच. सोळा-सतरा आकडे खोचले असतील. ही फुलं माळायची रीत अरबांबरोबर आली असं इथं म्हणतात. मला ते जरा ओढूनताणून वाटलं. बायकांना फुलं माळायला परदेशी माणूस शिकवायला कशाला लागतो?

मग शहरात, थूमन रस्त्यावर. तिथं सूनबाईला ऑफिसचा फोन आला. ती कॉफीच्या दुकानात लॅपटॉप उघडून बसली आणि मी एकटी पुढे निघाले, मोबाइलमधल्या भाषांतराच्या भरवशावर.

मशीद रस्त्याला लागूनच आहे. नाव छिंगचिंग, म्हणजे निर्मळ. अस्हाब मशीदही म्हणतात. चीनमधल्या जुन्या मशिदी म्हटलं की चित्रात दिसतात त्या देवळासारख्या, वळलेल्या छपरांच्या, लाल खांबांच्या. ही तशी नाही. सगळा दगड. करड्या-हिरवट दगडाची उंच वेस, टोकदार कमान, तिच्या आत दुसरी कमान, तिच्या आत तिसरी. वर गच्ची आहे, रमजानचा चंद्र तिथून बघायचे. वेशीत अरबी शिलालेख आहे, त्यात हिजरी ४०० साली मशीद बांधल्याचं कोरलंय, म्हणजे इसवी सन १००९. आणि तीनशे वर्षांनी, हिजरी ७१० मध्ये, शिराझकडच्या एका अहमदनं ती दुरुस्त केली. आमच्याकडे देवळाच्या पायरीवर देणगीदाराचं नाव असतं तसंच हे, फक्त हा देणगीदार इराणातून आलेला.

दारावरच्या माणसानं हात आडवा केला. मोबाइलनं सांगितलं, "आता नमाज आहे. दोन वाजता या." आज शुक्रवार हे माझ्या ध्यानातच नव्हतं. रत्नागिरीत असते तर विसरले असते का? आमच्या आळीत शुक्रवारी दुपारी रिक्षा मिळायची नाही, त्यावरून तरी कळायचं. लाज वाटली.

मधला तासभर शेजारच्या देवळात काढला. शेजारचं म्हणजे अगदी शेजारचं. क्वान यू या सेनापतीचं देऊळ, जो मेल्यावर काही शतकांनी देव झाला. तिथं नुसता धूर. माणसं लाकडाचे दोन अर्धचंद्र जमिनीवर टाकून देवाला विचारत होती, एक उलटा एक सुलटा पडला की देवाचा होकार. मला कौल लावल्यासारखंच वाटलं. आपल्याकडे गुरव तांदूळ लावतो, इथं ज्याचं त्यानं विचारायचं. नवीन फोन घेतलेला एक मुलगा चार वेळा टाकत होता, देव ऐकत नव्हता. आणि धूर सरळ मशिदीच्या अंगाला जात होता.

दोनला परत गेले तेव्हा माणसं बाहेर पडत होती. फार नव्हती. चेहऱ्यांवरून बरेचसे या शहराचे वाटले नाहीत. दोघे-तिघे आफ्रिकेतले असावेत, काही जण वायव्येकडचे, ते हातानं शेवया ओढणारे. मी बाजूला उभी राहिले आणि ओढणी डोक्यावर घेतली. तीन वेळा घेतली. फुलांवर ओढणी राहते कुठे! एखाद्या तंबूसारखी वर उभी राहायची आणि मागे सरकायची. शेवटी दोन्ही टोकं हनुवटीखाली गाठीनं बांधली. कशी दिसत असेन देव जाणे.

आत शिरल्यावर डावीकडे मुख्य दालन. फंगथ्यान थान. त्याला छप्पर नाही. दगडी भिंती चारी बाजूंनी उभ्या, रस्त्याकडच्या भिंतीत आठ खिडक्या, पश्चिमेच्या भिंतीत मिहराब, म्हणजे मक्केची दिशा दाखवणारा कोनाडा, आणि त्यात कुराणातली अक्षरं, खाली खांबांच्या बैठका उरलेल्या, आणि वर आभाळ. सतराव्या शतकाच्या सुरुवातीच्या भूकंपात छप्पर कोसळलं असं सांगतात. पुन्हा घातलं गेलं नाही. नमाज आता आवारातल्या दुसऱ्या वास्तूत होते.

पश्चिमेच्या भिंतीकडे बघताना उगाच गोंधळायला झालं. जन्मभर पश्चिम म्हणजे समुद्र. इथं समुद्र पाठीमागे आणि पश्चिमेला सगळा चीन. मक्का मात्र रत्नागिरीतूनही पश्चिमेला आणि इथूनही पश्चिमेलाच. फक्त इथून वाट लांबची, आणि मध्ये आम्ही.

उंबऱ्याशी आले आणि अडले. चपला काढायच्या का?

पाटी नव्हती. माझ्यासारख्याच फुलं माळलेल्या दोन मुली पांढरे बूट घालून आत गेल्या होत्या, एक मिहराबसमोर गिरकी घेत होती, दुसरी फोटो काढत होती. मला राग आला. मग माझ्याच डोक्यावरचं ओझं आठवलं आणि राग थोडा कमी झाला, पण गेला नाही. रायगडावर मेघडंबरीपाशी चपला काढतो ना आपण? तिथंही राजसभेला छप्पर उरलेलं नाही. छप्पर गेलं म्हणून जागा जाते का? मी चपला काढल्या, हातात घेतल्या आणि अनवाणी पायरी चढले. खरं सांगायचं तर त्या मुलींनी बघावं असंही थोडं मनात होतं.

मागून कुणीतरी ओरडलं. पांढऱ्या टोपीतले एक आजोबा, हातात झाडू. माझ्या पायांकडे बोट. मला वाटलं, झालं, बायकांनी आत यायचं नसणार. उतरले. मोबाइल पुढे केला. ते बोलले, आणि मोबाइलनं मराठीत म्हटलं, "काल पाऊस झाला. दगडावर शेवाळ आहे. पाय घसरेल. बूट घाला."

मी म्हटलं, पण मशीद आहे ना. ते मोबाइल वाचून हसले. म्हणाले, इथं आता नमाज होत नाही, जिथं होते तिथं काढा. तिथं मात्र आत जाऊ नका, दारातून बघा. मग पुन्हा पायांकडे बोट. "घाला." मी चपला घातल्या.

लहानपणची एक गोष्ट आठवली. आमच्या शेजारच्या चाचीकडे ईदला आम्ही जायचो. आई दरवेळी खाली चटईवर बसायची, खुर्ची दिली तरी. नम्रपणा म्हणून. एकदा चाची वैतागून म्हणाली, "वर बस गो, खाली बसलीस तर मी कुठं बसू?" घरात जागाच तेवढी होती. आईच्या डोक्यात आलंच नव्हतं की तिच्या नम्रपणानं चाचीची अडचण होतेय.

आजोबांनी विचारलं, कुठून? "यिंदू," म्हणजे भारत, मी म्हटलं. ते खूश झाले, भिंतीतल्या एका दगडाशी घेऊन गेले आणि चिनी मजकूर दाखवला. मिंग बादशहा योंगलचा हुकूम, १४०७ सालचा. अधिकारी असो, शिपाई असो की रयत, कुणीही मुसलमानांना हिणवू नये, त्रास देऊ नये. असा हुकूम दगडावर कोरून लावावा लागतो त्याअर्थी आधी बरंच घडलेलं असणार. घडलंच होतं. १३५७ ते १३६६ अशी नऊ-दहा वर्षं इथल्या इराणी पलटणीचं बंड चाललं, आणि ते मोडल्यावर परदेशी चेहऱ्याच्या माणसांची कत्तल झाली. हे मी गेल्या रविवारी इथल्या सागरी इतिहासाच्या संग्रहालयात वाचलं होतं. तिथं अरबी अक्षरांच्या थडग्यांच्या दगडांची रांगच्या रांग आहे. आणि त्यांच्यापासून दोन पावलांवर विष्णू, नृसिंह. इथल्या तमिळ व्यापाऱ्यांचं शिवमंदिर होतं, १२८१ सालचा तमिळ शिलालेख मिळालाय. ते देऊळ गेलं, त्याचे कृष्णलीला कोरलेले दोन खांब खाययुआन या बौद्ध मंदिराला लागले. दगड वाया घालवायचा नाही, ही रीत सगळीकडची.

उरलेले लोक कुठे गेले? काही इथंच मुरले. जवळच छनतायला तिंग आडनावाचं एक मोठं कुळ आहे, मूळ पुरुष पश्चिमेकडचा मुसलमान व्यापारी. आता बहुतेक जण नमाज पढत नाहीत, बुटांचे कारखाने चालवतात. पण पूर्वजांच्या नैवेद्यात डुकराचं मांस ठेवत नाहीत. आणि पूर्वजांच्या वाड्याची मांडणी चौकोनात चौकोन, म्हणजे 'हुई' या चिनी अक्षरासारखी; चिनी मुसलमानांनाही हुईच म्हणतात. धर्म गेला आणि ताटातलं वर्ज्य तेवढं राहिलं. याचं मला काही नवल वाटलं नाही. आमच्या आजीला देव कमी आणि सोवळं जास्त होतं.

अल-मसूदी या अरब प्रवाशानं इसवी सन ९१६ च्या सुमारास आपल्या चौलला दहा हजार मुसलमान पाहिल्याचं लिहिलंय, त्यात तिथंच जन्मलेली अरबांची पोरंही होती. चाची म्हणायची, आमचे मूळ पुरुष गलबतातून आले. मी तेव्हा मनात हसायचे, सगळेच काय गलबतातून येतील! आज वेशीवरचं शिराझचं नाव वाचताना तिची आठवण आली. तेच वारे, तीच गलबतं. काही चौलला उतरले, काही इथं.

आणि इब्न बतूता, मोरोक्कोचा प्रवासी. तो महम्मद तुघलकाचा राजदूत म्हणून चीनला निघाला तेव्हा दौलताबाद, नंदुरबार असं करत गेला होता. कालिकतला त्याचं जहाज फुटलं, मग मालदीव, श्रीलंका, सुमात्रा अशी वाट वाकडी करत एकदाचा या बंदरात उतरला. अरब या शहराला झैतून म्हणायचे. झैतून म्हणजे ऑलिव्ह. त्यानं चक्क लिहून ठेवलंय की नाव झैतून, पण इथं ऑलिव्ह नाहीत. खरं नाव होतं 'छ्थोंग', एका झाडावरून, अरबांच्या कानांनी त्याचं झैतून केलं.

ते झाड कोणतं हे मला मशिदीतून बाहेर पडल्यावर कळलं. रस्त्याच्या कडेला उभं होतं. पानं अजून पुरती फुटलेली नाहीत, फांद्यांच्या टोकांना लालभडक तुरे, अंगावर काटे. मी बघतच राहिले. पांगारा! आमच्या परड्याच्या कुंपणाचा पांगारा, मिरीचा वेल ज्याच्यावर चढवतात तो. जिथं शेतकरी फांदी रोवून विसरून जातो, त्या झाडाचं नाव घेऊन हे शहर जगभर मिरवत होतं. सूनबाईला बोलावून दाखवला. ती म्हणाली, "हो आई, इथं सगळीकडे आहे." तिचा जन्म ठाण्याचा, तिला काय सांगणार.

निघण्याआधी दुसऱ्या वास्तूच्या दाराशी गेले होते. चपला काढल्या, कुणी हटकलं नाही. आत गेले नाही. एकच माणूस भिंतीला टेकून पेंगत होता, बाजूला पाण्याचा थर्मास. आजोबा अंगणात झाडत होते. मी हात जोडले, त्यांनी मान हलवली आणि माझ्या डोक्याकडे बोट करून काहीतरी म्हणाले. मोबाइल म्हणाला, "फूल पडले." एक पांढरं फूल खाली पडलं होतं. ते त्यांच्या केरातच गेलं.

स्टेशनच्या तपासणीत यंत्र माझ्या डोक्याशी ओरडत राहिलं. गणवेशातल्या मुलीनं एकेक आकडा काढून माझ्या हातावर ठेवला. सतरा.

चपलांच्या तळव्याला हिरवं शेवाळ लागून आलंय. धुवून बाल्कनीत उलट्या ठेवल्या आहेत, पण इथल्या या दमट हवेत सकाळपर्यंत वाळतील असं वाटत नाही.