वाईट विचार थांबवलेत कसे?

“तुम्ही पूर्वी केवढी काळजी करायचात! मग मनातले वाईट विचार थांबवलेत कसे?” हे मला बरेच जण विचारतात. विचारणाऱ्याच्या आवाजावरूनच कळतं, की हे नुसतं कुतूहल नाही, त्याला स्वतःसाठी उत्तर हवंय. म्हणून जरा सविस्तर सांगते.

मी ते थांबवले नाहीत. थांबवायचा आटापिटा मात्र बरीच वर्षं केला आणि त्यानेच जास्त दमले. डॅनियल वेग्नर या मानसशास्त्रज्ञाने 1987 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. त्यात लोकांना सांगितलं, पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करायचा नाही, आलाच तर घंटी वाजवायची. घंट्या वाजतच राहिल्या. पुढे अस्वलाचा विचार करायची मोकळीक दिली, तेव्हा तर या लोकांच्या मनात ते, ज्यांना आधी मनाई केलीच नव्हती त्यांच्यापेक्षा जास्त वेळा आलं. मी हे वाचलं तेव्हा मला रडू आलं. दोष माझ्या निर्धाराचा नव्हता, मी मनाला न जमणारं काम सांगत होते.

एका संध्याकाळी मैत्रिणीला मनातलं सगळं लिहून मोठा मेसेज पाठवला. सहा तासांनी उत्तर आलं, “बरं.” एवढंच. तिला कंटाळा आला असणार, आपण फार बोलतो, लोक आपल्याला टाळतात, अखेर आपल्याजवळ कोणी उरणार नाही… रात्री एक वाजता मी म्हातारपणच्या एकटेपणापर्यंत पोचले होते. मन चिंती ते वैरी न चिंती.

तेव्हा मी समुपदेशनाला जात होते. तिथे मला सांगितलं होतं, विचाराशी भांडू नका, तो जसाच्या तसा कागदावर उतरवा. त्या रात्री दिवा लावून वही उघडली. काय झालं? ‘बरं’ असं उत्तर आलं. मन काय म्हणालं? ‘मी सगळ्यांना नेहमी नकोशी होते.’ हे शंभरपैकी किती पटतंय? 90. मग दोन्ही वाक्यं एकाखाली एक वाचली. वरचं वाक्य म्हणजे घडलेली गोष्ट होती. खालचा माझ्या अख्ख्या आयुष्यावरचा निकाल होता, आणि तो एका शब्दावरून लागला होता. ‘सगळ्यांना’ आणि ‘नेहमी’ या शब्दांखाली रेघ मारली. दुसरं काय असू शकेल, तेही लिहिलं: ती दमली असेल, घाईत असेल, किंवा खरंच कंटाळली असेल, पण आजच्यापुरती. पुन्हा आकडा घातला, 60. शून्य नव्हे. पण 60वर झोप लागते.

ही पद्धत ॲरन बेक या अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या कामातून आली. 1960च्या दशकात नैराश्याच्या रुग्णांवर उपचार करताना त्यांच्या लक्षात आलं, की बोलण्याच्या आडून रुग्णांच्या मनात आणखी एक विचारांचा ओघ चालू असतो. आपोआप येणारा, स्वतःबद्दल कठोर, आणि न तपासता खरा मानलेला. मला यातला ‘न तपासता’ हा भाग सगळ्यात मोलाचा वाटतो.

‘मी सुखी आहे, मी उत्तम आहे’ असं आरशासमोर म्हणण्याचा सल्ला मी कुणालाच देत नाही. 2009 सालच्या एका अभ्यासात, स्वतःबद्दल मुळातच कमी आदर असलेल्यांना अशी वाक्यं घोकून आणखी वाईट वाटल्याचं दिसलं. मला ते लगेच पटलं. न पटणारं गोड वाक्य म्हटलं, की आतून लगेच ‘खोटं!’ असं उत्तर येतं. ‘ती कदाचित दमली असेल’ यावर मन असं उसळत नाही.

किती दिवस लागतात, हेही विचारतात. लंडनमधल्या एका अभ्यासात खाण्यापिण्याच्या आणि व्यायामाच्या साध्या सवयी अंगवळणी पडायला सरासरी 66 दिवस लागले, पण कुणाला 18 पुरले आणि कुणाला अंदाजे 254 लागतील असं दिसलं. मधे एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडलं नाही. विचारांची सवय त्याहून चिवट. मला वहीशिवाय जमायला दीड वर्ष लागलं.

एक मात्र कळकळीने सांगते. सलग दोन आठवडे मन उदास असेल, झोप-भूक उडाली असेल, कशातच रस वाटत नसेल, तर वहीवर विसंबू नका, डॉक्टरांकडे जा. जीव नकोसा वाटत असेल, तर आजच कुणाला तरी सांगा. आणि जवळचं माणूस गेल्याचं दुःख तपासायला बसू नका. ते खरंच असतं.

त्या मैत्रिणीला मी दुसऱ्या दिवशी फोन केला. ती म्हणाली, “अगं, तुझा मेसेज दोनदा वाचला. काय लिहावं तेच सुचेना, म्हणून नुसतं ‘बरं’ लिहिलं.” माझ्या यादीत हे कारण नव्हतंच. मी वही काढून तेही लिहून ठेवलं.