टाचेखालचा ठिपका

शाळेच्या आरोग्य कक्षात परिचारिका म्हणून मला बारा वर्षे झाली. खरचटलेले गुडघे, सोललेली कोपरे, कागदाने कापलेली बोटे यांची प्रत्येकी एक ओळ माझ्या नोंदवहीत आहे आणि त्यातल्या बहुतेक ओळी पुन्हा वाचण्याची गरज कधी पडली नाही. त्या दिवशीची ओळ मात्र मी अनेकदा वाचली आहे.

किरकोळ जखमेबाबत आमचा नियम थोडक्यात असा होता: जखम वाहत्या पाण्याने धुवावी, कोरडी पट्टी लावावी, नोंद करावी आणि मुलाला वर्गात पाठवावे. पालकांच्या लेखी संमतीशिवाय मलम किंवा गोळी द्यायची नाही आणि आत रुतलेली वस्तू काढायची नाही. नोकरीच्या सुरुवातीला या मनाईचा मला राग येत असे, कारण साधे जंतुनाशक मलम लावण्यात काय बिघडते, हे मला कळत नव्हते. पुढे निओमायसिन हे प्रतिजैविक असलेल्या मलमाने हातभर पुरळ उठलेले मूल पाहिले. हायड्रोजन पेरॉक्साइड किंवा स्पिरिट जखमेत ओतल्याने जंतूंबरोबर जखम भरून काढणाऱ्या पेशीही मरतात, हेही नीट उमगले आणि तो राग गेला.

दुपारच्या खेळाच्या तासाला अकरा वर्षांचा एक मुलगा लंगडत आला. मोज्यावर टाचणीच्या डोक्याएवढा रक्ताचा डाग होता, टाचेखाली तेवढाच ठिपका होता आणि रक्त थांबलेले होते. "सिस्टर, काही नाही झालं, नुसतं टोचलं. पट्टी लावा ना, माझा खेळ राहिलाय," असे तो म्हणाला. नियमाप्रमाणे ती किरकोळ जखमच होती, कारण आमच्या नियमात जखमेची लांबी आणि रक्तस्राव एवढ्यावरच सारे ठरत असे.

मी त्याचा बूट मागून घेतला आणि आतून बोट फिरवले. रबरी तळव्याला आरपार भोक पडले होते, पण मला खटकले ते आतल्या मऊ गादीचे भोक. त्याच्या कडा नुसत्या दबलेल्या नव्हत्या. तिथला एक बारीक तुकडा नाहीसा झाला होता आणि तो बुटात कुठेही सापडला नाही.

टोचलेली जखम फसवी असते. तिच्यातून रक्त फारसे येत नाही, त्यामुळे आतली घाण बाहेर वाहून जात नाही, आणि वरचे तोंड मात्र लवकर मिटते. धनुर्वाताचे कारण गंज आहे असे लोक समजतात, पण त्या जंतूंची बीजे मातीत असतात आणि हवा न पोचणाऱ्या खोल जागेत ती वाढतात. बूट भेदून तळव्यात खिळा घुसतो तेव्हा स्युडोमोनास नावाच्या जंतूचीही भीती असते. तो क्वचित हाडापर्यंत पोचतो.

क्रीडाशिक्षक काळजीनेच म्हणाले, "सिस्टर, चिमट्याने काढून टाका की." मी नकार दिला. दिसत नसलेली वस्तू चाचपडताना ती आणखी आत ढकलली जाते. ही मनाई योग्यच होती. मी जखम दहा मिनिटे वाहत्या पाण्याखाली धरली, सैल गॉज बांधला, त्याला पाय टेकू दिला नाही आणि त्याच्या आईला फोन केला. "इतक्याशा जखमेसाठी काम सोडून येऊ का?" असे त्यांनी विचारले. मी सांगितले, "ताई, जखम लहान आहे, पण खोल आहे. आत काहीतरी राहिले असावे. आजच डॉक्टरांना दाखवा." लसीकरणाच्या नोंदीत धनुर्वाताच्या लसीची शेवटची मात्रा पाचव्या वर्षी दिलेली होती. मळलेल्या, खोल जखमेत पाच वर्षे उलटली असतील तर पुन्हा मात्रा देतात, म्हणून ती तारीख मी चिठ्ठीवर लिहून दिली.

शाळा सुटण्यापूर्वी मी आणि शिपाईमामा मैदानाच्या कडेने फिरलो. कुंपणाच्या दुरुस्तीतून उरलेली फळी गवतात पडली होती आणि तिचे तीन खिळे वर तोंड करून होते. त्या तासाला तिथून चाळीस मुले धावली होती, या विचाराने मला बराच वेळ काही सुचले नाही.

संध्याकाळी आईचा फोन आला. डॉक्टरांनी जागा बधिर करून जखमेतून गादीचा तुकडा आणि मोज्याचा धागा काढला होता व लसही दिली होती. त्या बोलत होत्या आणि मी वहीत लिहून घेत होते.

दुसऱ्या दिवशी मला विचारणा झाली की किरकोळ जखमेसाठी पालकांना का बोलावले. मी बूट दाखवला आणि लेखी विनंती केली की जखमेच्या मापाआधी ती कशाने झाली हे विचारले जावे, आणि टोचलेली जखम कितीही लहान असली तरी पालकांना त्याच दिवशी कळवावे. मनाईची कलमे जशीच्या तशी राहू द्यावीत असेही मी लिहिले, कारण त्या दिवशी चिमटा माझ्या हातात आला नाही तो त्यांच्यामुळेच. दोन महिन्यांनी नवी नोंदवही छापून आली. तिच्यात 'कशाने लागले' हा रकाना पहिला आहे.