१०४३ चे १०२४ कोणी केले? ईमॅक्समध्ये जीडीबी लावून पकडलेला बग

आमच्याकडे सी मधला एक जुना प्रोग्राम आहे, मोजमापांच्या फायली वाचतो, फाइलच्या शीर्षकाला मागे एक शेपूट जोडतो, ओळी सॉर्ट करतो आणि पुढे पाठवतो. तक्रार आली की आत १०४३ ओळी गेल्या आणि बाहेर १०२४ च आल्या. क्रॅश नाही, एरर नाही, लॉगमध्ये सगळं आलबेल. आता १०२४ आकडा दिसला की कुठल्याही प्रोग्रामरला वाटणार कुणीतरी तेवढ्याच साइझचा बफर, म्हणजे मेमरीतली ठरावीक जागा, ठेवलाय. माझ्या शेजारी बसणाऱ्या मैत्रिणीने त्यासाठी सगळा कोड पालथा घातला, तसा बफर कुठेच नाही. वैतागून म्हणाली, "अगं व्हॅलग्राइंड लावलं, क्लीन. ॲड्रेस सॅनिटायझर लावला, तोही गप्प. आता तूच बघ." ही दोन्ही मेमरीतल्या चुका पकडणारी टूल्स.

मी आधी अजून अशा फायली शोधल्या. एकीत २३१० चे २३०४ झालेले, एकीत ७७७ चे ७६८. म्हणजे बफरवाली थिअरी तिथेच संपली. मग हे आकडे हेक्समध्ये, म्हणजे १६ च्या पायात मांडले, जिथे शेवटचे दोन अंक म्हणजे शेवटचा बाइट, तर ४१३ चे ४००, ९०६ चे ९००, ३०९ चे ३००. प्रत्येक वेळी फक्त शेवटचा बाइट शून्य, बाकी आकड्याला धक्काही नाही. हा हिशोब चुकत नव्हता, हिशोब झाल्यावर त्यावर कुणीतरी एक शून्य बाइट लिहून जात होतं. आमचं मशीन लिटल एंडियन, म्हणजे आकड्याचा सगळ्यात खालचा बाइट मेमरीत सगळ्यात आधी बसतो, आणि फाइलची माहिती एकत्र ठेवणाऱ्या आमच्या स्ट्रक्टमध्ये काउंटच्या, म्हणजे ओळींच्या संख्येच्या, लगेच आधी काय आहे तर शीर्षकासाठी ३२ अक्षरांची जागा. संशय तिथेच आला, पण शीर्षकाला हात लावणाऱ्या जागा इतक्या होत्या की अंदाजाने शोधत बसण्यात अर्थ नव्हता.

व्हॅलग्राइंड गप्प का होतं तेही इथेच कळतं. शीर्षक आणि काउंट एकाच स्ट्रक्टमध्ये, मॅलॉकने मागून घेतलेल्या मेमरीच्या एकाच तुकड्यात. तुकड्याच्या बाहेर लिहिलं तर ही टूल्स ओरडतात, आतल्या आत शेजारच्या फील्डवर लिहिलं तर त्यांच्या लेखी सगळं कायदेशीरच असतं. अशा वेळी वॉचपॉइंटसारखं, म्हणजे मेमरीतली किंमत बदलली की प्रोग्राम थांबवणाऱ्या सोयीसारखं, दुसरं काही नाही, एवढं मी ठामपणे सांगेन.

ऑप्टिमायझेशन बंद करून, डिबग माहितीसकट बिल्ड केला आणि ईमॅक्स या एडिटरमधूनच जीडीबी हा डिबगर सुरू केला. त्यातला मेनी विंडोज हा पर्याय चालू केला की स्क्रीनचे सहा भाग होतात, वर जीडीबीचा प्रॉम्प्ट आणि लोकल व्हेरिएबल्स, मध्ये सोर्स आणि प्रोग्रामचं आउटपुट, खाली स्टॅक (कुठल्या फंक्शनने कुणाला बोलावलं ती यादी) आणि ब्रेकपॉइंट्स. सोर्सच्या डाव्या कडेला क्लिक केलं की लाल ठिपका येतो, तो ब्रेकपॉइंट, प्रोग्राम तिथे थांबतो. स्ट्रक्ट तयार झाल्यावरच्या ओळीवर ठिपका टाकला, रन केलं, प्रोग्राम थांबला आणि कडेला बाण आला. तिथे काउंटवर वॉच लावला, पण लोकेशनवाला. साधा वॉच लावला असता तर पॉइंटरचं (पत्ता ठेवणारं) व्हेरिएबल स्कोपबाहेर गेलं, म्हणजे त्याचं फंक्शन संपलं, की तोही गेला असता, लोकेशनवाला त्या पत्त्यालाच चिकटून बसतो, फंक्शन संपलं तरी. आणि हे काम प्रोसेसर स्वतः करतो, एक्स ८६ प्रकारच्या प्रोसेसरमध्ये त्यासाठी ४ डिबग रजिस्टर्स असतात, त्यामुळे प्रोग्राम जवळजवळ नेहमीच्या वेगाने पळतो. सॉफ्टवेअर वॉचपॉइंट असेल तर जीडीबी एकेक इन्स्ट्रक्शन चालवून तपासतं आणि मग मोठ्या फाइलवर बसा वाट बघत.

अडचण एकच, फाइलची प्रत्येक ओळ वाचली की काउंट एकने वाढतो, म्हणजे वॉचपॉइंट हजारभर वेळा योग्य कारणानेच थांबणार. कंडिशन घालता आली असती, पण मला त्या पत्त्याचा पूर्ण इतिहास हवा होता, कुणी कुणी कधी हात लावला तो सगळा. म्हणून वॉचपॉइंटला कमांड्स जोडल्या, थांबलास की स्टॅकमधल्या वरच्या ३ फ्रेम, म्हणजे ३ फंक्शन्स, छाप आणि पुढे चल. सहाही विंडो प्रत्येक थांब्याला नव्याने भरत बसतात म्हणून मेनी विंडोज बंद केलं आणि सोडून दिलं.

आणि इथे ईमॅक्सचा खरा फायदा होतो. टर्मिनलमध्ये हे सगळं वर सरकून गेलं असतं किंवा आधीच आठवणीने लॉग चालू करावा लागला असता. इथे डिबगरचं आउटपुट म्हणजे ईमॅक्सचा एक साधा बफर, मेमरीतला नव्हे, तर फाइलमधल्या मजकुरासारखाच मजकूर, त्यात शोधता येतं, तो कॉपी करून नको त्या ओळी उडवता येतात, वाटलं तर ईमॅक्सच्या लिस्प भाषेत छोटं फंक्शन लिहून त्यातून पाहिजे ते काढता येतं. मी फक्त शोधलं, नवी किंमत १०२४ कुठे कुठे आलीय. दोन ठिकाणी. पहिल्या ठिकाणी वरच्या ओळीत जुनी किंमत १०२३, म्हणजे नेहमीची वाढ, बरोबर. दुसऱ्या ठिकाणी जुनी किंमत १०४३. मैत्रीण मागे उभी होती, ती तिथेच म्हणाली "सापडला!"

त्याच्या खाली ३ फ्रेम. पहिली सी लायब्ररीतल्या, दोन स्ट्रिंग जोडणाऱ्या स्ट्रकॅटची, तिसरी सॉर्टच्या आधीच्या तयारीची, आणि मधली आमचीच, शीर्षकाला शेपूट जोडणारं चिमुकलं फंक्शन. त्याला नुसता कॅरेक्टर पॉइंटर मिळतो, जागा किती उरलीय ते त्याला कुणी सांगतच नाही. शेपूट "अंडरस्कोर सॉर्ट", इंग्रजीत _sort, ५ अक्षरं. शीर्षक २७ अक्षरांचं असेल तर दोन्ही मिळून बरोबर ३२ होतात आणि स्ट्रिंग संपवणारा शून्य बाइट तेहेतिसाव्या जागी जातो, जिथे काउंट सुरू होतो. २६ अक्षरांच्या शीर्षकाला काहीच होत नाही, म्हणून तर हे इतकी वर्षं टिकलं.

दुरुस्ती छोटी होती, फंक्शनला बफरची साइझ पाठवायची आणि जागा पुरत नसेल तर गुपचूप न कापता एरर द्यायची. त्याच ईमॅक्समध्ये बदल केला, तिथूनच कंपाइल केलं आणि जीडीबी बंद न करता परत रन दिलं, एक्झिक्युटेबल बदललंय हे ते स्वतः ओळखून नवीन सिम्बॉल्स (फंक्शन्स-व्हेरिएबल्सची नावं आणि पत्ते) वाचतं आणि आधीचे ब्रेकपॉइंटही राहतात. ही सोय लोक फार वापरत नाहीत, दर वेळी डिबगर बंद करून पहिल्यापासून सगळं लावतात.

मग मला एक जुनी तक्रार आठवली, ४० ओळींची फाइल जी सॉर्ट करताना क्रॅश व्हायची आणि जिचा काउंट ११६ दिसायचा. कुणीच ती याच्याशी जोडली नव्हती. तिचं शीर्षक मोजलं, २८ अक्षरं. म्हणजे शून्य बाइट अजून एक घर पुढे गेला आणि काउंटच्या पहिल्या बाइटवर शेपटाचं शेवटचं अक्षर बसलं, ते म्हणजे टी, आणि टीचा ॲस्की कोड ११६. प्रोग्राम ४० ओळींच्या ॲरेत ११६ ओळी शोधत होता. नव्या बिल्डवर ती फाइल चालवली, क्रॅशऐवजी शीर्षक बसत नाही असा स्वच्छ एरर आला, मग २७ आणि २८ अक्षरांच्या शीर्षकांच्या दोन्ही टेस्ट टाकल्या आणि दोन्ही तक्रारी एकाच कमिटवर बंद केल्या.